ऑइल नवीन घातलं तरी लाल लाईट, सकाळची टकटक, कमी होणारं ऑइल: इंजिन उघडायच्या आधी हे क्रमानं बघा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कारची कामं करत असल्यामुळं ही एक तक्रार आमच्याकडं बारा महिने येते, गाडी नुकतीच सर्व्हिस करून घेतलीय, ऑइल नवीन आहे, तरी काहीतरी बिनसलंय. आणि बहुतेक वेळा मालकाला आधीच कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की इंजिनचं काम निघालं. खरं बघायला गेलं तर इंजिन धडधाकट असतं, आत ऑइल चुकीच्या ग्रेडचं असतं किंवा लेव्हल चुकलेली असते. म्हणून जे आम्ही रोज ज्या क्रमानं बघतो तेच इथं लिहितोय, फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी.

तुमच्या गाडीला यातलं काय होतंय ते आधी ओळखा

- गाडी गरम झाल्यावर, सिग्नलला किंवा घाट चढून आल्यावर आयडलिंगला ऑइलची लाल लाईट लुकलुकते, जरा रेस केलं की विझते.
- सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-चार सेकंद टकटक किंवा साखळीसारखी खडखड, मग बंद.
- दोन सर्व्हिसच्या मधे ऑइल कमी होतं, खाली थेंब मात्र कुठं दिसत नाही.
- सर्व्हिस झाल्यापासून गाडी जड वाटते, ॲव्हरेज पडलंय.
- बीएस६ डिझेल असेल तर उलटंच, ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, नाहीतर डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) लाईट सारखी लागतेय.

एक गोष्ट इथंच सांगतो. लाल लाईट लुकलुकत नसून चालू गाडीत पक्की लागून राहिली, तर पुढचं काही वाचत बसायचं नाही. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, परत स्टार्ट करू नका. ती लाईट ऑइल किती आहे ते सांगत नाही, प्रेशर गेलंय हे सांगते, आणि प्रेशर नसताना बेअरिंग खराब व्हायला फार वेळ लागत नाही. घर दोन किलोमीटरवर असलं तरी टोचन करूनच न्या. टोचनाचे पैसे आणि क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे) पैसे यात लै फरक आहे.

पहिलं: ऑइलची पट्टी (डिपस्टिक) बघा, पण नीट बघा

पैसे शून्य. गाडी सपाट जागेवर हवी, आपल्याकडं पेठांमधे बऱ्याच जणांच्या गाड्या उतारावर नाहीतर एक चाक गटारीच्या फरशीवर चढवून लावलेल्या असतात, तिथं पट्टी खोटं सांगते. इंजिन गरम असेल तर बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल चेंबरमधे (इंजिनच्या तळातल्या ऑइलच्या टाकीत) उतरतं, पट्टी काढून फडक्यानं पुसा, परत पूर्ण आत घाला आणि मग काढून वाचा. दोन खुणांच्या मधे पाहिजे. बऱ्याच कारमधे खालच्या ते वरच्या खुणेपर्यंत साधारण एक लिटर बसतं, त्यावरनं किती कमी आहे याचा अंदाज येतो.

कमी असेल तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण जास्त असेल तरी तीच लाईट लागते हे लोकांना पटत नाही. लेव्हल फार वर गेली की क्रँक ऑइलमधे आपटायला लागतो, ऑइलला फेस येतो, आणि पंप मग ऑइलबरोबर हवा ओढतो. फेसानं प्रेशर धरत नाही. साडेतीन लिटर ऑइल बसणाऱ्या इंजिनात अख्खा चार लिटरचा कॅन रिकामा केलेल्या गाड्या येतात, कॅन उरायला नको म्हणून. जादा काढलं, लाईट बंद, गाडी घरी.

दुसरं: आत नक्की काय घातलंय ते बिलावर वाचा

निम्मे प्रॉब्लेम या एका कागदावर सुटतात म्हणून इथं जरा थांबतो. गाडीचं मॅन्युअल काढा, ग्लोव्ह बॉक्समधे प्लास्टिकच्या पाऊचमधे असतं, त्यात इंजिन ऑइलचं पान काढा. दुसऱ्या हातात सर्व्हिसचं बिल घ्या. दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत, ग्रेड आणि स्पेसिफिकेशन. बिलावर नुसतं 'इंजिन ऑइल' एवढंच लिहिलं असेल तर गॅरेजला फोन करून विचारा, विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

ग्रेड म्हणजे ५डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४० असं जे लिहिलेलं असतं ते. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो, आकडा जितका लहान तितकं ते थंड इंजिनात लवकर पळतं. मागचा आकडा १०० डिग्रीला ऑइल किती घट्ट राहतं त्याचा. ३० ग्रेडची घट्टता १०० डिग्रीला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या मधे असते, ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. म्हणजे ३० च्या जागी ५० घातलं तर गरम इंजिनातसुद्धा जवळपास पावणेदोनपट घट्ट ऑइल फिरतंय, आणि सकाळी थंड असताना हा फरक अजून वाढतो.

आता लोक म्हणतात आपल्याकडं कुठं बर्फ पडतो. बरोबर आहे, ५डब्ल्यूची थंडीतली टेस्ट उणे ३० डिग्रीला घेतात आणि कोल्हापुरात जानेवारीत पहाटे पारा पंधराच्या आसपास उतरला तरी लोक स्वेटर काढतात. त्यामुळं ऑइल गोठून गाडी स्टार्ट होणार नाही असं इथं कधी होत नाही. पण पंधरा डिग्रीलासुद्धा २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० पेक्षा कितीतरी घट्ट असतं आणि ते पंपातनं वर हेडपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं. त्या वेळात टॅपेट आणि कॅम (हेडमधले व्हॉल्व्ह उघडणारे भाग) कोरडे फिरतात. सकाळची टकटक बऱ्याचदा हीच असते.

हे घट्ट ऑइलचं खूळ जुनं आहे आणि त्याला कारणही होतं. पद्मिनी, ॲम्बॅसेडर असल्या इंजिनांत फटी मोठ्या असायच्या, त्यांना २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० हेच लागायचं, आणि मिस्त्री लोकांचा हात त्याच्यावर बसला. आजचं इंजिन तसं नाही. त्याच्यात व्हीव्हीटी असतं, म्हणजे कॅमचं टायमिंग ऑइलच्या प्रेशरनंच पुढं-मागं होतं, त्याच्या व्हॉल्व्हला बारीक जाळी असते, हायड्रॉलिक टॅपेट असतात, बऱ्याच गाड्यांत टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनरसुद्धा ऑइलच्याच प्रेशरवर चालतो. आपल्याकडं ढिगानं फिरणारं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल घ्या, चेन आणि हायड्रॉलिक टेन्शनर आहे त्याला. अशा इंजिनात ऑइल वेळेत पोचलं नाही की पहिल्या काही सेकंदात चेन खडखडणारच.

आणि हे मनापासून सांगतो, लाईट विझवायला घट्ट ऑइल घालणं हा इलाज नाही. घट्ट ऑइलनं प्रेशर वाढलेलं दिसतं कारण ते पुढं सरकायला अडतं, बेअरिंगला मिळणारं ऑइल उलट कमी झालेलं असतं. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर बर्फात बुडवल्यासारखं आहे ते. लाईट गेली, मालक खूश, आणि खरं कारण, मग ते अडकलेली जाळी असो नाहीतर झिजलेलं बेअरिंग असो, आत तसंच वाढत राहतं.

उलटी चूकही बघायला मिळते हल्ली. मायलेज वाढतं म्हणून ऐकून ५डब्ल्यू-४० मागणाऱ्या जुन्या टर्बो डिझेलमधे ०डब्ल्यू-२० घालतात. कोकणातनं करूळ घाट चढून गगनबावड्याला चहाला थांबलं की लाईट लुकलुकायला लागते, कारण ऑइल तापून पातळ झालंय आणि आयडलिंगला पंप हळू फिरतोय. ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० वाईट नाहीत, ज्या इंजिनाच्या मॅन्युअलमधे तेच लिहिलंय त्याच्यासाठी तेच बरोबर, तिथं तुम्ही ते बदलू नका. तसंच जुन्या गाडीच्या मॅन्युअलमधे तापमानाच्या तक्त्यात १५डब्ल्यू-४० चालतं असं दिलं असेल तर आपल्या हवेत बिनधास्त घाला, महागडं ०डब्ल्यू घ्यायची काही गरज नाही.

स्पेसिफिकेशन म्हणजे कॅनच्या मागं एपीआय (अमेरिकन मानक) पुढं जी अक्षरं असतात ती. एस नं सुरू होणारी पेट्रोलची, सी नं सुरू होणारी डिझेलची. पेट्रोलमधे एसएन २०१० चं, एसपी २०२० चं, दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकं ते नवीन. मॅन्युअलमधे एसएन लिहिलं असेल तर त्याच ग्रेडचं एसपी चालतं. एसीईएचा (युरोपियन मानकाचा) उल्लेख असेल तर तो मात्र नीट जुळवा, विशेषतः बीएस६ डिझेलला. तिथं बहुतेक सी२ किंवा सी३ सारखं कमी राखेचं ऑइल मागतात, कारण डीपीएफमधली काजळी जळून जाते पण ऑइलची राख जळत नाही, ती साठतच राहते. ट्रॅक्टर-ट्रकसाठी आणलेल्या बॅरलमधलं जास्त राखेचं डिझेल ऑइल अशा कारमधे गेलं की डीपीएफची लाईट सारखी लागायला वेळ लागत नाही, आणि डीपीएफची किंमत ऐकून माणूस खाली बसतो.

(बुलेट-स्प्लेंडरवाल्यांसाठी जाता जाता: कारचं उरलेलं ऑइल बाईकमधे ओतू नका. बाईकचा क्लच त्याच ऑइलमधे भिजलेला असतो, त्याला जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलंच लागतं, नाहीतर क्लच स्लिप होतो.)

तिसरं: रंग, वास आणि झाकण

पट्टी हातात आहेच तर दोन बोटांत ऑइल चोळून बघा. डिझेलचं ऑइल दोन-तीनशे किलोमीटरात काळं होतं, त्यानं घाबरू नका, ते काजळी धरून ठेवतंय म्हणजे त्याचं काम करतंय.

डिझेल गाडीत ऑइल पाण्यासारखं पातळ, डिझेलचा वास आणि लेव्हल वरच्या खुणेच्या वर, असं असेल तर डीपीएफचं रिजनरेशन अर्धवट राहतंय. काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल मारतं, त्यातलं थोडं रिंगांवरनं खाली चेंबरमधे उतरतं. राजारामपुरी ते शाळा, शाळा ते रंकाळा एवढंच फिरणाऱ्या गाड्यांना हे हमखास होतं, मधेच गाडी बंद केली जाते आणि काम अर्ध्यावर सुटतं. आधी ऑइल बदला, लेव्हल वाढलेली असताना गाडी ताणू नका. मग अधनंमधनं हायवेला कागल-निपाणीपर्यंत एका लयीत वीस-पंचवीस मिनिटं चालवून आणायची सवय लावा. डीपीएफची लाईट तरीही जात नसेल तर ते स्कॅनरचं काम आहे, घरी करायचं नाही.

ऑइल भरायच्या झाकणाखाली पावसाळ्यात पिवळट-पांढरी साय दिसते. इथं गडबड करू नका. पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि साय फक्त झाकणाला असेल तर तो दमटपणा आहे, आपल्याकडं जून ते सप्टेंबर लहान चकरा मारणाऱ्या गाडीत होतोच, एक लांबची फेरी झाली की जातो. पण पट्टीवरचं ऑइलच चहासारखं दुधाळ झालं असेल तर कूलंट किंवा पाणी आत गेलंय. थांबा. स्टार्ट करू नका, मेकॅनिकला बोलवा.

पुराचंही याच्यातच येतं. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, दोन्ही वेळा शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि शहरात कितीतरी गाड्या पार्किंगमधेच बुडाल्या. पाणी उतरलं की माणूस पहिली चावी फिरवतो, तीच फिरवायची नाही. सिलिंडरमधे पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार काढा आणि टोचन.

झाकणाखाली काळी जेलीसारखी गाळ चिकटलेली असेल तर ऑइल बरेच दिवस बदललेलं नाही. अशा इंजिनात बाटलीतलं फ्लश घालून गाळ एकदम सोडवू नका, सुटलेला गाळ खाली जाऊन ऑइल पंपाच्या जाळीत बसतो आणि मग खरंच लाल लाईट लागते. बरोबर ग्रेडचं ऑइल, नवीन फिल्टर, दोन-तीन हजार किलोमीटरला परत बदली, असं दोनदा करा. वेळ लागतो पण जोखीम नाही.

चौथं: फिल्टर आणि गळती

सकाळची टकटक बरोबर ग्रेड घालूनही राहिली असेल तर फिल्टर बघा. चांगल्या फिल्टरमधे रबराचा एक व्हॉल्व्ह असतो, गाडी बंद असताना ऑइल खाली उतरू देत नाही. डुप्लिकेट फिल्टरमधे तो ताठ असतो नाहीतर नसतोच, रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी तो भरेपर्यंत इंजिन खडखडतं. काही शे रुपयांचा माल, यात काटकसर करू नका.

गळती शोधायला रात्री इंजिनखाली पुठ्ठा टाका. डाग कुठल्या बाजूला पडतो त्यावरनं कळतं. ड्रेन नटचं वायसर जुनंच लावलं असेल तर नटाखाली, फिल्टरची जुनी रबर रिंग इंजिनला चिकटून राहिली आणि त्यावरच नवीन बसवला तर फिल्टरखाली. हे दुसरं धोकादायक आहे, हायवेला एका दमात सगळं ऑइल बाहेर फेकतं.

ऑइल घेताना सीलबंद कॅन, तुमच्यासमोर फोडलेला. सुटं ऑइल नको, आणि रिकामा कॅन भोक पाडून टाका म्हणजे तो कुणी परत भरून विकणार नाही.

पाचवं: धूर आणि पीसीव्ही

गळती नाही, ऑइल बरोबर आहे, तरी कमी होतंय, म्हणजे जळतंय. पेट्रोल गाडी असेल तर पन्हाळ्यावरनं गिअरमधे, ॲक्सिलरेटर सोडून वाघबिळापर्यंत उतरा आणि खाली आल्यावर ॲक्सिलरेटर द्या, मागं बसलेल्याला आरशाकडं नाही तर मागच्या काचेतनं बघायला सांगा. निळ्या धुराचा एक भपका आला आणि गेला तर व्हॉल्व्ह सील. उतरताना इंजिनात व्हॅक्यूम वाढतो आणि सीलमधनं ऑइल ओढलं जातं. चढाला, लोड असताना सतत निळा धूर येत असेल तर संशय रिंगांवर. दोन्हीच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (चेंबरमधला गॅस इनटेकमधे सोडणारा) आणि त्याचा पाईप साफ करून बघा, तो तुंबला की चेंबरमधला दाब वाढून ऑइल सीलमधनं बाहेर आणि इनटेकमधनं आत जातं. स्वस्त पार्ट आहे, आणि कितीतरी गाड्यांचं 'ऑइल खाणं' इथंच थांबलेलं बघितलंय.

थोडं ऑइल प्रत्येक इंजिन खातंच. काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत चालतं असं मॅन्युअलमधे लिहितात, तुमच्या मॅन्युअलचा आकडा बघा आणि मगच काळजी करा.

इथनं पुढं गॅरेजचं काम

लेव्हल बरोबर, ग्रेड बरोबर, फिल्टर चांगला, तरी गरम आयडलिंगला लाईट लुकलुकते. आता मेकॅनिककडं जा, पण त्याला पहिल्यांदा काय करायचं ते सांगा: ऑइल प्रेशर स्विच काढून त्या जागी गेज लावून प्रेशर मोजायला सांगा. स्विच स्वतःच खराब होतो, त्याच्यातनं ऑइल पाझरून कनेक्टरमधे जातं आणि लाईट खोटी लागते. गेजवर प्रेशर कंपनीच्या आकड्यात असेल तर स्विच बदला, विषय संपला. गेजवरही कमी असेल तर चेंबर खोलून पंपाची जाळी बघायची, मग पंप, मग बेअरिंग. जो गेज न लावता थेट इंजिन उतरवायचं म्हणतो त्याला गाडी देऊ नका. ऑइल खात असेल तर रिंगांच्या कामाआधी कंप्रेशन टेस्टही करून मागा, आकडे कागदावर लिहून घ्या.

आणि खालनं रेसबरोबर वाढणारा जड ठोका ऐकू येत असेल तर वरच्या यादीतलं काहीही करत बसू नका. तो बेअरिंगचा आवाज आहे, गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका.

गॅरेजला जाताना चार गोष्टी कागदावर नेल्या तर मेकॅनिकचा निम्मा वेळ वाचतो आणि तुमचे पैसे: शेवटच्या बदलीचं किलोमीटर, घातलेलं ऑइल कुठल्या ग्रेडचं आणि किती लिटर, त्यानंतर टॉप-अप किती घातलं, आणि लाईट थंड इंजिनाला लागते का गरम. टॉप-अपला वेगळ्या कंपनीचं घातलं असेल तरी लपवू नका, ग्रेड आणि स्पेसिफिकेशन तेच असेल तर त्यानं काही बिघडत नाही.